झाकली मूठ

हामरफेस्टचा सूर्य नोव्हेंबरात जातो
तो जानेवारी सरता सरता उगवतो.
आमच्या मीटिंगच्या खोलीत मात्र कायम सकाळचे साडेदहा.
कुणीतरी एकदा ठरवून ठेवलेलं ऊन
टेबलावर तिरकं पडतं
आणि तिथून हलत नाही.

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसते,
पायात लोकरी मोजे, केसांचा अवतार झालेला,
हेडसेट चढवते,
आणि माझा दुसरा अवतार
इस्त्रीच्या शर्टात आत जाऊन उभा राहतो.
कमरेखाली आम्ही कुणीच नाही.
पाय बनवायचे राहून गेले, की परवडले नाहीत,
विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलंय.

ओलेसुंडहून इंगुन येते, कारासयोकहून मारेत,
बोडोहून आर्नफिन्न.
मधोमध तरंगते आमची फेरीबोट,
अजून न बांधलेली, एकशेवीस गाड्यांची.
आम्ही तिच्या पोटात हात घालतो,
जिने उचलून पलीकडे ठेवतो, भिंती पुसतो.
आर्नफिन्न हवेत बोटानं ओढतो
ती काळ्या दगडावरची रेघ.
बत्तीस वर्षं जहाजांचे सांगाडे काढलेला हात.

फेब्रुवारीत नवं अपडेट आलं
आणि सोमवारी त्याच्या उजव्या हाताला थरथर सुटली,
टेबलावरच्या मोबाइलला फोन यावा तशी.
मारेत म्हणाली, "नेट गळतंय तुझं."
तो म्हणाला, "असेल."
त्याचा चेहरा हसला.
तिथले चेहरे आवाज फुटला की हसतातच.

बिघाडांची नोंद माझ्याकडे. मी लिहिलं:
वापरकर्ता चार. उजवा हात. स्थिर राहत नाही.
तातडी मध्यम.

तीन दिवसांनी उत्तर:
जुन्या आवृत्तीत हातांची बारीक हालचाल
आपोआप गुळगुळीत होत असे. आता होत नाही.
आता हात जसा आहे तसा दिसतो.
पूर्ववत हवं असल्यास चौकटीत खूण करा.

हात जसा आहे तसा.
मी कॉफी केली. पुन्हा वाचलं.
बाहेर बर्फ उपसणारी गाडी गेली, परत आली.
झाकली मूठ, आणि ती उघडली कुणी,
तर रविवारी रात्री आपोआप उतरलेल्या
चारशे एमबीनं.

मी त्याला साधा फोन लावला, चेहऱ्याशिवायचा.
बराच वेळ मागे पाण्याचा नळ चालू होता.
मग म्हणाला,
"घरी मी कप अर्धाच भरतो.
बटणांचे शर्ट सोडले.
सोमवारी त्या खोलीत आलो
की तासभर माझा जुना हात मला मिळायचा.
वाट बघायचो."

"खूण करू?"

नळ बंद झाला.
"रेघ सरळ यायची, पण कुणाची होती ती?
गेल्या महिन्यात जिना पाच सेंटिमीटर चुकला.
कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.
थांब सोमवारपर्यंत."

सोमवारी तो त्या न ढळणाऱ्या उन्हात आला.
"नेट ठीक आहे," म्हणाला, "हात बिघडलाय."
मारेतनं पटकन हात पुढे केला, त्याच्या हातावर ठेवला.
तो आरपार गेला.
तिथे कुणाच्याच हाताला वजन नाही.
तरी तिनं तो काढला नाही,
थरथरणाऱ्या बोटांच्या आत तिची बोटं
काही वेळ तशीच राहिली.

मग आर्नफिन्न वाकला
आणि गाड्यांच्या मजल्यावरून वर जाणाऱ्या पायऱ्यांशी
एक रेघ ओढू लागला,
वाकडी, अडखळत, मध्ये दोनदा तुटलेली.
"इथे कठडा हवा. आपण तो तिसऱ्या पायरीपासून धरलाय.
पहिल्या पायरीलाच माणसाला काहीतरी धरायला लागतं."

खाली अक्षरं उमटली: रेघ सरळ करायची?
प्रश्न लुकलुकत राहिला.
इंगुननं घसा खाकरला,
"दोन्ही बाजूंना," ती म्हणाली,
"कठडा दोन्ही बाजूंना लागेल. डावखुरेही असतात."